गार : मासा, गारा आणि गारा

प्रश्न : शब्दकोड्यात ‘लांब जबड्याचा मासा’ या दोन अक्षरी संकेताचे उत्तर ‘गार’ असे निघाले. आमच्याकडे गार म्हणजे थंड, किंवा आभाळातून पडते ती. या माशाचा त्यांच्याशी काही संबंध आहे का?
— एक वाचक, यावल (जि. जळगाव)

उत्तर : संबंध नाही. माशाचे नाव इंग्रजीतले असून त्याच्या मुळाशी भाला या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द आहे. इंग्लंडमध्ये ते आधी सुईसारखी चोच असलेल्या एका समुद्री माशाचे नाव होते. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी ते तिथल्या गोड्या पाण्यातील लांब, दातेरी जबड्याच्या माशांना दिले. त्यांच्या आज 7 जाती आहेत. त्यांचे खवले अतिशय कठीण असतात, अंडी माणसाला विषारी असतात आणि पाण्यातला प्राणवायू कमी पडला की हे मासे वर येऊन हवा घेतात. लसणाच्या ‘गार्लिक’ या इंग्रजी नावातही तोच भाला आहे, ही गोष्ट मला फार आवडते.

खरी गुंतागुंत मराठीत आहे. थंड या अर्थाचे ‘गार’ हे विशेषण लिंग-वचनाने बदलत नाही : गार पाणी, गार भाकरी, गार वारे. आभाळातून पडणारी गार स्त्रीलिंगी असून तिचे अनेकवचन ‘गारा’ होते. चकमकीवर ठिणगी पाडणारा पांढरा, कठीण दगड, म्हणजे गारगोटी, यालाही गार म्हणतात. याउलट भिंतीसाठी भिजवून तुडवलेली माती म्हणजे ‘गारा’, आणि तो पुल्लिंगी. उच्चार एकच असल्याने नुसत्या ‘गारा’ या रूपावरून अर्थ ठरत नाही, पण प्रत्यय लागताच दोन्ही शब्द वेगळे होतात : रावेर-यावलच्या बागांत केळीची पाने ‘गारांनी’ फाटतात, तर जुन्या धाब्याच्या घराची भिंत ‘गाऱ्याने’ लिंपली जाते. शब्दार्थ शिकवताना शाळेत हा भेद अवश्य दाखवावा, कारण नुसत्या अर्थांच्या यादीतून तो कळत नाही.

‘हिरवेगार’मधील ‘गार’ मात्र थंडी सांगत नाही. तिथे तो हिरवेपणावर केवळ जोर देतो, आणि म्हणूनच भर वैशाखातल्या केळीच्या बागेलाही आपण निःशंकपणे हिरवीगार म्हणतो.