गाड्यांमधलं काही कळत नसेल तर डेट्रॉइटच्या ऑटोरामाला जाण्यात अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी नुकतेच मिशिगनला आलात, ऑफिसातला एक जण ऑटोरामाला, म्हणजे हॉट रॉड आणि कस्टम (जुन्या गाड्या कापून-जोडून पळायला किंवा दिसायला बदललेल्या) गाड्यांच्या शोला चल म्हणून मागे लागलाय, आणि तुम्हाला गाडीतलं पंक्चर सोडून काही कळत नाही. शनिवार-रविवार त्यात घालवावा का?

घालवा. फेब्रुवारीच्या अखेरीला इथे दुसरं करायला आहे तरी काय? बर्फ उपसून उपसून कंबर धरलेली असते. मी आजवर तीन वेळा गेलोय, आणि पहिल्या खेपेला साफ फसलो होतो. तेवढं तुमच्या बाबतीत होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या वर्षी मी मुख्य हॉलमध्ये शिरलो आणि दिसेल त्या गाडीचे फोटो काढत सुटलो. सातआठशे गाड्या. दोन तासांत डोळे दिपून दुखायला लागले. एकाच मांडवात शंभर नवऱ्या नटून बसल्यावर कुणाकडे बघायचं, तशी गत. घरी आल्यावर फोटो चाळले तर लाल गाडी, निळी गाडी, पुन्हा लाल गाडी. दुसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्या मालकाने मला वाटेवर आणलं. तो म्हणाला, काय लावलंय ते बघू नकोस, काय काढलंय ते शोध. तेव्हापासून मी शो तसाच बघतो.

हॉट रॉडचा सगळा जन्मच काढण्यातून झालेला आहे. १९३२ साली फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन घातलं, ६५ अश्वशक्तीचं. पुढे ह्या गाड्या जुन्या होऊन चार पैशांत मिळू लागल्या. पोरांनी त्यांची मडगार्डं काढली, बंपर काढले, बोनेटच्या बाजू काढल्या, म्हणजे वजन घटलं आणि गाडी पळायला लागली. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांच्या सपाट तळावर शर्यती लागायच्या. कस्टम हा त्याचा चुलतभाऊ. त्याला पळायची घाई नाही, त्याला दिसायचंय. त्यासाठी मुख्यतः १९४९ ते ५१ ची मर्क्युरी, ही फोर्ड कंपनीचीच गाडी, घेतात आणि तिच्यावरचं नाव, दारांचे हँडल, पत्र्याचे सांधे, सगळं पुसून टाकतात.

आता छप्पर कापण्याची गोष्ट. ह्याला चॉप म्हणतात. खिडक्यांच्या खांबांतून तीन-चार इंच कापून काढायचे आणि छप्पर खाली बसवायचं. ऐकायला सोपं. जुन्या मॉडेल ए फोर्डचे खांब जवळजवळ सरळ उभे असतात, त्यामुळे तिथे काम त्या मानाने निभतं. मर्क्युरीचं छप्पर मात्र वर जाताना आत निमुळतं होत जातं. मधले चार इंच काढले की वरचा तुकडा खालच्यापेक्षा आखूड पडतो, खांबाला खांब लागतच नाही. मग छप्पर मधोमध चिरून ताणायचं, मध्ये नवा पत्रा भरायचा, खांब कलते करायचे, काचा नव्या कापायच्या. एवढं करून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की गाडी कारखान्यातूनच अशी आली. म्हणून मर्क्युरी दिसली की मी आधी मागच्या खांबाजवळ जातो आणि उजेडाची रेघ पत्र्यावर कशी वळते ते बघतो. तिथे रेघ थरथरली की समजायचं, घाई झालीय.

हे सांधे पूर्वी शिशाने भरत. आपल्याकडच्या गॅरेजात आता पुट्टी मारतात, तिचं काम तेव्हा शिसं-कथलाची पट्टी करायची. यंदा तळमजल्यावर एक जण ते करून दाखवत होता आणि मी अर्धा तास हललो नाही. आधी त्याने पत्रा तापवून त्यावर कथलाचा पातळ हात फिरवला. ही चक्क कल्हई! लहानपणी आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा, कापसाचा बोळा फिरवला की काळं पातेलं लख्ख व्हायचं, अगदी तसा तो पत्रा पांढरा झाला. मग पट्टी तापवून लोण्याइतकी मऊ केली आणि लाकडी फळीने थापली. फळीला चरबी लावलेली, म्हणजे शिसं चिकटत नाही. जरा जास्त तापलं तर सगळं ओघळून जमिनीवर, कमी तापलं तर गोळे. शेवटी कानस. अशा शिसं भरलेल्या बुटक्या गाड्यांना लेड स्लेड म्हणतात, म्हणजे शिशाची घसरगाडी. नाव चिडवायला पडलं असेल, आता अभिमानाने घेतात.

तुम्ही आधी हा तळमजलाच गाठा. ऑटोरामा एक्स्ट्रीम म्हणतात त्याला. वर झगमगाट, खाली गंज, मॅट रंग, बँडचा गोंगाट आणि स्वतःच्या हाताने गाडी जोडलेली माणसं. बोलकी असतात. त्यांना काहीही विचारा, मूर्ख प्रश्नही चालतो. माझ्या मुलीने एका गाडीला हँडलच नाही म्हणून "दार उघडतं कसं?" विचारलं, तर मालक म्हणाला, तूच शोध. दहा मिनिटं ती गाडीभोवती फिरली. आरशाच्या खाली बोटाएवढं बटण होतं. आत विजेवर चालणारा खटका. दार टचकन उघडल्यावर मालक तिच्यापेक्षा जास्त खूश.

वरच्या हॉलमध्ये रिडलर पुरस्काराच्या गाड्या असतात. १९६४ पासून हा पुरस्कार देतात, शोचे प्रवर्तक डॉन रिडलर ह्यांच्या नावाने. अट अशी की गाडी याआधी कुठेही दाखवलेली नसावी. शेवटच्या आठ गाड्या निवडतात आणि विजेता रविवारी जाहीर होतो. त्या गाड्यांखाली आरसे ठेवलेले असतात आणि पोटातला प्रत्येक बोल्टसुद्धा चकचकीत. खर्च लाखो डॉलरांत. कौतुक आहेच, पण मला त्यांच्याविषयी माया वाटत नाही. पुष्कळदा मालकाने फक्त चेक फाडलेला असतो आणि पाना दुसऱ्याने फिरवलेला असतो.

अपवाद एकच, आणि तो जुना. १९६७ चा रिडलर डिओरा नावाच्या गाडीला मिळाला. डेट्रॉइटच्याच अलेक्झांडर बंधूंनी डॉजच्या ए-१०० पिकअपमधून ती घडवली आणि दोन्ही बाजूंची दारंच काढून टाकली. समोरची काच वर उचलायची आणि तोंडातून आत शिरायचं! आराखडा हॅरी ब्रॅडलीचा. त्यानेच पुढे हॉट व्हील्सच्या पहिल्या खेळण्यातल्या गाड्या आखल्या, आणि १९६८ च्या पहिल्या सोळांत डिओराही होती. तुमच्या घरात हॉट व्हील्सचा डबा असेल तर ह्या शोशी तुमचं नातं आधीच जुळलेलं आहे.

शोची सुरुवातही मजेशीर. १९५३ साली डेट्रॉइट विद्यापीठाच्या इमारतीत चाळीस गाड्या मांडल्या होत्या. पोरं रस्त्यावर शर्यती लावत, त्यांच्यासाठी रीतसर ड्रॅग स्ट्रिप, म्हणजे सरळ शर्यतीचा पट्टा, बांधायला पैसे हवे होते, म्हणून मिशिगन हॉट रॉड असोसिएशनने हा घाट घातला. १९६१ पासून शो कोबो हॉलमध्ये भरतो. त्याचंच आताचं नाव हंटिंग्टन प्लेस.

आपल्याकडे हे का नाही, असं नंतर तुम्ही विचारालच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. छप्पर चार इंच कापून आरटीओत गेलात तर काय होईल ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा.

बाकी व्यवहाराचं: शनिवारी मुंगीला शिरायला जागा नसते, रविवारी सकाळी जा. पायात मऊ बूट घाला, खाली सगळं काँक्रीट आहे. घरून जेवून निघा, आतला बर्गर महाग आणि गार. गाडी लांब लावून पीपल मूव्हर ह्या शहरातल्या छोट्या उन्नत रेल्वेने या, त्याचं स्टेशन इमारतीतच आहे. आणि कुठल्याही गाडीला हात लावू नका, मालकाने सांगेपर्यंत. रविवारी संध्याकाळी जमल्यास थांबा. बाहेर रस्त्यावर बर्फासाठी टाकलेलं मीठ असतं, त्यामुळे ह्या गाड्या चाकांवर घरी जात नाहीत. बंद ट्रेलरमध्ये चढवतात. फळीवरून इंच इंच सरकणारी मर्क्युरी, चार माणसं चार कोपऱ्यांत वाकलेली, आणि मालक हात वर करून ओरडतोय, "थांबा, थांबा, थांबा!"