जिना चढताना दुखणारा जबडा

अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून लेक आईला घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आक्कांचं वय 52. नवरा 57 व्या वर्षी हार्ट अटॅकने गेला, त्याला वर्ष होत आलेलं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यंदा त्याच्या नावाची घागर भरायची, म्हणून घर आधीच जड झालेलं. आक्कांना झोप नव्हती, धडधड व्हायची, घाम फुटायचा. फॅमिली डॉक्टरांनी ‘मनावर घेतलंय’ म्हणून माझ्याकडे पाठवलं होतं.

लेकीने बसता बसताच विचारलं, “मॅडम, बायकांना अटॅक येत नाही ना? हे टेन्शनच ना?”

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी ऐकू येतो. मीही त्या दिवशी हे सगळं नवरा गेल्याच्या दुःखाचंच असणार, असं धरून निघाले होते. आक्कांना दिवसभराची कामं विचारली, तेव्हा त्या म्हणाल्या की बिबडे वाळत घालायला धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, चढलं की दम लागतो आणि “मन्हा जबडा दुखस.” खाटेवर टेकलं की पाच मिनिटांत थांबतं. मी वही बंद केली. टेन्शनने काहीही दुखू शकतं, पण श्रमाने येणारं आणि विसाव्याने जाणारं दुखणं आधी हृदयाच्या डॉक्टरांनी बघायचं असतं.

लेकीचा समज अगदीच हवेतला नव्हता. पाळी चालू असते तोवर अंडाशयांत तयार होणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्तवाहिन्यांना बऱ्यापैकी सांभाळून घेतं, त्यामुळे बाईचा हृदयविकार पुरुषापेक्षा साधारण 7 ते 10 वर्षं उशिरा येतो. उशिरा येतो, टळत नाही. बायका जास्त जगतात हेही खरं. 2016-20 च्या सरकारी नमुना नोंदणीत पुरुषांचं सरासरी आयुर्मान 68.6 आणि बायकांचं 71.4 वर्षं आहे. पण जास्त जगणारीचं हृदय निरोगीच असतं, असं नाही. जगभर बायकांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजारच आहेत. छातीत दुखणं बाईलाही होतं. त्याच्या जोडीला किंवा कधी त्याच्याऐवजी दम, मळमळ, पाठ-जबडा दुखणं, अवाजवी थकवा हे तिच्यात जास्त दिसतं. घरात त्याला ॲसिडिटी म्हणतात नाहीतर वय.

मग विचारलं, पाळी कधी गेली? “36 व्या वर्षी पिशवी काढली.” पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का, ते आक्कांना कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे किती बायकांना हे ठाऊक नसतं! अंडाशयं तेव्हाच गेली असतील तर इस्ट्रोजेनची सोबतही तेव्हाच सुटली. लेकीला म्हटलं, ऑपरेशनचे कागद शोध. शेवटच्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं, हेही बोलता बोलता निघालं. गरोदरपणातलं वाढलेलं बीपी किंवा साखर पुढे हृदयाला भोवू शकते.

जळगावला ईसीजी नॉर्मल आला आणि सगळं घर सुटल्यासारखं झालं. मी लेकीला फोन करून सांगितलं, झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल असूनही आजार असू शकतो. धाब्यावर चढतानाचं दुखणं डॉक्टरांना तारीखवार सांग, आणि जबडा बसल्या जागी दुखला, थांबेना, तर गाडी शोधत बसू नका, 108 लावा. पट्ट्यावर चालवून केलेल्या तपासणीत दोष दिसला. अँजिओग्राफीत मोठ्या वाहिन्या मोकळ्या होत्या. दुखणं बारीक वाहिन्यांचं होतं, जे बायकांमध्ये अधिक आढळतं. रक्तातली साखरही वाढलेली निघाली. गोळ्या सुरू झाल्या.

नंतरच्या खेपेला आक्का एकट्या आल्या. जबड्याचं इतके दिवस घरात का बोलल्या नाहीत, असं मी विचारलं. बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. त्या रात्री नवरा छातीत जळजळतं म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याला ओवा चावायला दिला होता. हे त्यांनी लेकीलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही तेवढ्यावरच बोललो.