डबा वाजवायचा थांबला, ही शिस्त नव्हे

पत्र : माझा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. लहान वयात वाद्य शिकलं की मेंदू तल्लख होतो, गणित सुधारतं, असं वाचून सहाव्या वर्षी त्याला तबल्याला घातलं. झाकीर हुसेनही लहानपणापासूनच शिकले होते. रोज दीड तास मी समोर बसून रियाज करून घेतो. चुकला की त्या दिवशी खेळणं बंद. पूर्वी डबा, बाक, ताट, दिसेल ते वाजवत बसायचा. ती सवय आता सुटली, शिस्त लागली आहे. पण गणितात फरक नाही आणि हल्ली मनगट दुखतं म्हणून रडतो. तबल्याची प्रारंभिक परीक्षा झाली आहे, गुरुजी पुढच्या, प्रवेशिका परीक्षेला बसवू म्हणतात. दहावीला वाढीव गुणही मिळतात. तबला चालू ठेवावा, की कीबोर्ड किंवा अबॅकस लावावं?
– एक पालक, कराड

उत्तर : आधी मनगट. आठ वर्षांचं मूल हात दुखतो म्हणून रडतं तेव्हा तो बहाणा आहे की नाही, हे तपासत बसू नका. वाजवणं आजच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. गुरुजींनाही सांगा, म्हणजे त्याची बैठक, हाताची ठेवण आणि तबल्याची उंची ते नीट पाहतील. डग्ग्यावर (डाव्या हाताच्या तबल्यावर) मनगट टेकवून घिस्सा, म्हणजे हात सरकवत घुमारा काढताना लहान हातावर किती जोर येतो, हे समोर बसून चुका मोजणाऱ्याला कळत नाही.

आता डब्याचं. तुम्ही ते प्रगती म्हणून लिहिलंय, मला मात्र तुमच्या सगळ्या पत्रात तीच एक गोष्ट घाबरवते. जो मुलगा जेवताना ताटावर ठेका धरत होता त्याच्या अंगात लय आपसूक उतरत होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी गुण देणार नव्हतं, तरी तो वाजवत होता. रियाज म्हणून आपण ज्याच्या मागे लागतो, ते हेच होतं. दोन वर्षांत तो काय शिकला? हात पडला की कुणीतरी चूक काढणार आणि चूक निघाली की संध्याकाळचं खेळणं जाणार. म्हणून त्याने हात आवरला. याला मी शिस्त म्हणणार नाही. हे मूल भ्यायलेलं आहे, आणि ते तबल्याला नाही, तुम्हाला भ्यायलंय. स्पष्ट लिहितोय, कारण तुमची काळजी खरी आहे आणि हे तुम्हाला आजही दुरुस्त करता येईल.

झाकीरभाईंचं नाव तुम्ही घेतलंत, तर त्यांच्या घरातली गोष्टही पाहा. ते जन्मले तेव्हा वडील उस्ताद अल्लारखाँ यांनी बाळाच्या कानात तबल्याचे बोल म्हटले, हे झाकीरभाईंनी अनेकदा सांगितलं आहे. पुढे पहाटे बापलेक बसत तेव्हा पुष्कळदा वाद्य बाजूला ठेवून बोलच म्हणत. आपल्याकडे तबला आधी जिभेवर बसतो. ज्याला ‘धाधा तिरकिट’ तोंडाने स्वच्छ म्हणता येतं त्याच्या बोटांना वाट सापडते. मनगट बरं होईपर्यंत तुमच्या मुलासाठी यापेक्षा चांगला अभ्यास नाही.

राहिला मेंदू तल्लख होण्याचा समज. त्याचं मूळ बरेचदा १९९३ च्या एका अमेरिकी प्रयोगात सापडतं. त्यात मुलं नव्हती, कॉलेजचे ३६ विद्यार्थी होते. ते वाद्य शिकले नाहीत, त्यांनी फक्त दहा मिनिटं मोझार्टची रचना ऐकली. कागदाच्या घड्या ओळखण्यासारख्या कोड्यांत ते थोडे पुढे गेले आणि तो परिणाम पंधरा मिनिटांच्या आसपास विरला. एवढ्यावर जगभर बाजार उभा राहिला. पुढे २००४ मध्ये टोरांटोच्या १४४ सहा वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभर संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा जेमतेम दोन-तीन गुणांनी जास्त वाढला होता. नंतर असे अनेक अभ्यास एकत्र करून काटेकोर तुलना झाली तेव्हा तोही फायदा जवळपास शून्यावर आला. गणित कच्चं असेल तर गणित शिकवा, दादा. मुलगा हातचा घ्यायला चुकत असेल, तर ते तीनतालाने सुटणार नाही.

मग लवकर शिकून मिळतं काय? कान मिळतो. सातव्या वर्षाआधी सुरुवात केलेल्यांचा ठेका, पुढे तितकीच वर्षं शिकलेल्या इतरांपेक्षा अचूक पडतो, असं काही प्रयोगांत दिसलं आहे. शिवाय लहऱ्यावर, म्हणजे पेटीवर फिरत राहणाऱ्या धुनेसोबत वाजवताना दुसऱ्याचं ऐकावं लागतं, चुकलं तरी थांबता येत नाही, पुढची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा गाठावी लागते. चुकलं तरी आवर्तनात, म्हणजे तालाच्या फेऱ्यात राहायचं, हे मुलाला तबला शिकवतो. आणि तुम्ही नेमक्या चुकीलाच शिक्षा लावली आहे.

म्हणून कीबोर्ड नको, अबॅकसही नको. परीक्षा, वाढीव गुण, दहाव्या वर्षानंतरची सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेची शिष्यवृत्ती, पुढे विद्यापीठातली पदवी, हे रस्ते आहेतच, पण तिसरीतल्या मुलाला त्यांची घाई नाही. यंदा प्रवेशिकेचा फॉर्म भरू नका. गुरुजी नाराज झाले तर माझं हे उत्तर त्यांना दाखवा.

खेळणं आजपासून चालू. ते पुन्हा कशाच्याही बदल्यात काढून घेऊ नका. मनगट बरं झालं की रोज वीस मिनिटं वाजवू दे, आणि तेव्हा समोर वही घेऊन बसू नका. तोवर रात्री जेवण झालं की त्याला म्हणा, मला तीनताल शिकव. टाळी कुठे, खाली कुठे, सोळा मात्रा हातावर कशा धरायच्या, ते त्याला सांगू द्या. तुम्ही चुकाल. नवव्या मात्रेला हात उघडायचा असतो, तिथे तुम्ही टाळी द्याल आणि तो हसेल. त्याला हसू द्या आणि पुन्हा पहिल्यापासून धरा.