हाताला दुखापत झाली तर हाताने घडवलेलं लाकडी धनुष्य कसं जुळवून घ्यावं? (डावं मनगट आणि अंगठा दुखावलाय, सगळे म्हणतात हात बदल)

हात बदलू नका. हे 'सगळे' प्रत्येक घरात असतात, आमच्याकडे माझा थोरला भाऊ आहे.

मी सुतार, परतवाड्याचा. पुतणीला धामणीच्या लाकडाचं धनुष्य मीच करून दिलं होतं. कुऱ्हाडीचे दांडे आणि कावडी जिच्या करतात तीच ही धामण, वाकते पण सहजी मोडत नाही. दोन वर्षं पोरगी मस्त खेळली. मग एका संध्याकाळी कडबाकुट्टीत उजवा हात गेला. तर्जनी अर्धी राहिली, मधल्या बोटाचं टोक गेलं. जखम भरायच्या आत दादाने फर्मान काढलं : आता डाव्या हाताने ओढायला शिकव. मी नाही म्हणालो. त्या दिवाळीला आम्ही एका पंगतीत जेवलो नाही.

पण पहिली चूक माझीच. मला वाटलं, ताकद कमी केली की दुखणं कमी होईल. जुनंच धनुष्य पोटाकडून, म्हणजे ओढणाऱ्याकडे असलेल्या बाजूने, काचेच्या तुकड्याने तासत बसलो. १६ मिलिमीटर जाडीतला जेमतेम १ मिलिमीटर गेला आणि पूर्ण ओढायला २८ पौंड जोर लागणारं धनुष्य २३ वर आलं. जाडीचा हिशोब घनाचा असतो (जाडी तीनदा गुणायची, त्या प्रमाणात ताकद), हे माहीत असूनही हात थांबला नाही. बाण पडायला लागले आणि पोरीचं बोट दुखायचं ते दुखतच राहिलं.

मग तिच्या शेजारी उभं राहून नीट बघितलं. धनुष्य होतं ६२ इंची. पूर्ण ओढल्यावर दोरीचा कोन इतका अरुंद व्हायचा की उरलेली बोटं चिमट्यात सापडल्यासारखी दाबली जायची. दुखणं ताकदीचं नव्हतंच, कोनाचं होतं. नवीन केलं ७० इंची, २६ पौंडांचं. (दोरी लटकत्या वजनकाट्याला अडकवून ओढा, साधारण १२ किलो दिसायला हवेत.) मधलं आणि अनामिका, दोन्ही बोटं बाणाच्या खाली. त्यामुळे बाण अडकवायची खूण दोरीवर थोडी वर सरकवावी लागली. जुन्या चपलेच्या चामड्याचा दुहेरी टॅब (दोरी आणि बोटांमध्ये येणारा तुकडा) शिवला आणि तर्जनीच्या थोट्यापुढे त्याला खाच ठेवली, थोट्याला दोरी लागताच कामा नये. पहिल्या दिवशी तिने सलग बारा बाण मारले, 'काका, चिमटत नाही' म्हणाली आणि तेरावा लावला.

दादा अजून शीतल देवीचे, त्या हात नसलेल्या पॅरा-तिरंदाज पोरीचे, व्हिडिओ पाठवतो. 'ती पायाने धनुष्य धरते, २०२४ ला पॅरिसहून कांस्य घेऊन आली, आणि आपल्या पोरीला डावा हात जमणार नाही?' अरे, तिने कुठे हात उगवून घेतले? पाय, खांदा, जबडा, जे आहे त्याला साजेशी रीत बसवली. मी तेच म्हणत होतो. दादा वाचत असेल तर वाचू दे.

आता तुमचं. तुमचा दुखावलेला हात धनुष्य धरणारा, म्हणून बदल मुठीत करायचा. मुठीचं लाकूड कोरू नका, भर घाला. कोरलेलं परत येत नाही आणि धनुष्य नेमकं तिथेच लचकायला लागतं. एम-सील मळून मुठीवर थापा, वर प्लॅस्टिकची पिशवी ठेवून हाताचा ठसा घ्या, सुकलं की कानस मारून वरून चामडं गुंडाळा. ठसा असा घ्या की दाब अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याच्या मांसल भागावर येईल. मनगट उंच राहिलं की सगळा भार त्याच्यावरच पडतो. आणि मूठ आवळायची नाही. अंगठ्यापासून तर्जनीपर्यंत बुटाच्या लेसचा फास बांधा, बाण सुटल्यावर धनुष्य त्यातच अडकतं. अंगठ्याला फासही सोसवत नसेल तर पट्टा मनगटावरून धनुष्याभोवती घ्या.

हाड जुळलंय असं डॉक्टरने सांगेपर्यंत यातलं काहीच करू नका, हे आधी लिहायला हवं होतं. स्पर्धेत उतरायचं असेल तर पट्टा चालतो का तेही आयोजकांना आधी विचारून घ्या.

आणि हो, हात खरंच बदलावा अशी एक वेळ असते : डोळा उलटा असेल तर. दोन्ही पंजे समोर धरून मधल्या फटीतून लांबचा खांब बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला खांब फटीतच दिसतो, तो तुमचा नेमाचा डोळा. उजव्या हाताने ओढत असाल आणि डोळा डावा निघाला, तर बदला बिनधास्त. पुतणीचा उजवा आहे. दादाने आजवर तपासलेला नाही.