सांगलीतला पहिला क्रमांक आणि कोलकात्यातला प्रवेश

प्रश्न : मी सांगलीतून संख्याशास्त्रात बी.एस्सी. केले असून तिन्ही वर्षे वर्गात पहिली आले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत एम.स्टॅट. या संख्याशास्त्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी निवड झाली आहे. मात्र बंगाली येत नाही, इंग्रजी बेताचेच आहे, शिवाय तिथे सगळेच हुशार असणार. आई म्हणते, ‘इथेच एम.एस्सी. कर, सुखात राहशील.’ काय करावे?

उत्तर : तुम्ही कोलकात्याला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. भाषा आणि अंतर या अडचणी खऱ्या असल्या तरी त्या लवकर अंगवळणी पडतात. अध्यापन इंग्रजीतून होते, वर्गात देशभरातील मुले असतात आणि पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस थेट हावड्याला जाते. शिक्षण शुल्क नाही, उलट विद्यावेतन मिळते, हे आईंना आवर्जून सांगा.

खरी अडचण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या ‘तिथे सगळेच हुशार असणार’ या शब्दांत आहे. आजवर सूत्र लक्षात ठेवून उदाहरण सोडवले की गुण मिळत होते. तिथे तेच सूत्र का खरे आहे, याची सिद्धता कोऱ्या कागदावर पहिल्या ओळीपासून मांडावी लागेल आणि सुरुवातीला ती अर्ध्यावर अडेल. बी.स्टॅट. (त्याच संस्थेची संख्याशास्त्रातील पदवी) न केलेल्यांसाठी पहिल्या वर्षी वेगळा प्रवाह असतो, तरीही वर्ग सुरू होईपर्यंत लिनिअर अल्जिब्रा आणि रिअल अॅनालिसिस या गणिताच्या शाखांतील सिद्धता रोज स्वतः लिहून काढा. पहिला क्रमांक गेल्याचे दुःख होईल. पण न समजलेले न लाजता विचारण्याची सवय लागते ती अशाच वर्गात, आणि एखादी सिद्धता स्वतःला सुचल्याचा आनंद गुणपत्रिकेतून मिळत नाही.

तुम्ही अभ्यासलेल्या क्रामर-राव असमानतेतील (अंदाज जास्तीत जास्त किती अचूक असू शकतो, याची मर्यादा सांगणारे सूत्र) संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव हे आंध्र विद्यापीठातून गणितात एम.ए. होऊन नोकरीच्या मुलाखतीसाठी कोलकात्याला गेले होते. तिथे त्यांना या संस्थेची माहिती मिळाली आणि १९४१ मध्ये ते तिथे शिकू लागले. त्या असमानतेचा शोधनिबंध १९४५ चा आहे. (सर्वांचेच असे होत नाही, हे उघड आहे.)

घरात तुमच्यावाचून अडेल अशी जबाबदारी असती, तर मी सांगलीच सुचवली असती. तसे काही पत्रात दिसत नाही. मुदतीत प्रवेश निश्चित करा आणि पहिल्या खेपेला आईंना सोबत न्या, म्हणजे वसतिगृह आणि खानावळ त्यांना स्वतः पाहता येईल.