गाडीवाल्याला विचारा : घर जवळ आलं म्हणून निघायचं का?

प्रश्न : आम्ही निपाणीचे. दत्तजयंतीला दरवर्षी गाडी घेऊन अक्कलकोट, गाणगापूर करतो. येताना विजापुरात संध्याकाळचे पाच वाजतात. मी म्हणते, इथंच राहू. हे म्हणतात, ‘आता काय, अथणी-चिकोडी केलं की घर!’ गाडी हे एकटेच चालवतात. झोप लागू नये म्हणून चहा घेतात, काच खाली करतात. राहणं बरं की निघणं? आणि ह्यांना पटवायचं कसं?
— एक भगिनी, निपाणी

उत्तर : राहा, ताई.

विजापूर ते निपाणी दीडशे किलोमीटरच्या वर आहे आणि जवळजवळ सगळी वाट मावळतीकडे तोंड करून. पाचला निघालात की टिकोट्याच्या आसपास सूर्य थेट काचेत. त्या भागात आडोसा कसला? काळं रान, तूर, ज्वारी, कुठंतरी चार बाभळी. काचेवर दोन दिवसांची धूळ असेल तर समोरून येणारी मोटारसायकल अगदी जवळ आल्यावरच दिसते. पाणी आणि फडकं घेऊन काच आतून-बाहेरून पुसा. आतल्या बाजूला धुराचा, श्वासाचा थर बसतो, तो कुणी पुसतच नाही बघा.

डिसेंबरात सहाच्या सुमाराला दिवस बुडतो. म्हणजे अथणी गाठायच्या बेतात अंधार, आणि पुढं कृष्णेच्या दोन्ही काठांना ऊस. कारखाने ऐन भरात. उगारच्या बाजूला मी ऊस ओढलाय, म्हणून सांगतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस. मागचा दिवा असला तरी कांड्यांनी झाकलेला. पुढचा एकच दिवा चालू असेल तर ती मोटारसायकल वाटते आणि आपण तेवढीच जागा सोडतो. हॉर्न देऊन काय उपयोग ओ, डेकवरचं गाणं ट्रॅक्टरच्याही वर असतंय! टायर फुटलेली ट्रॉली रस्त्यातच उभी, मागं खूण म्हणून चार दगड. ट्रॉली जाते, दगड राहतात.

त्यात याच दिवसांत तूर, हुलगे मळायला रस्त्यावर टाकलेले असतात. दिवसा कडेनं निघता येतं. रात्री त्यावरून गाडी गेली तर काड्या खाली ॲक्सलला गुंडाळतात, तापलेल्या सायलेन्सरला लागून पेटूही शकतात. चुकून गेलातच, तर थोडं पुढं जाऊन थांबा आणि वाकून बघा. जळका वास आला तर सगळ्यांना आधी खाली उतरवा.

आता झोपेचं. उघड्या काचेनं झोप जात नाही, नुसतं तोंड गार पडतं. चहा चालतो, पण त्याचा गुण यायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून चहा घेऊन लगेच गाडीत वीस मिनिटं डोळा लावायचा. उठेपर्यंत चहा लागू झालेला असतो. त्याहून जास्त झोपलात तर डोकं जड होतं, मग तोंड धुऊन थोडं फिरल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू नये. गाडी पंपावर आत लावायची, रस्त्याच्या कडेला झाडाखाली नाही. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. चार सेकंद पापणी मिटली तर नव्वद मीटर गाडी कुणीच चालवत नसतं, आणि चालवणाऱ्याला वाटतं आपण जागेच होतो. आम्हा पगारी ड्रायव्हरांसाठी 1961 चा कायदा होता : दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. तो पाळला किती जायचा हे मला विचारू नका. पण घरच्या माणसाला तेवढंही कुणी देत नाही. पहाटे पालखीला उभं राहायचं, दुपारी खानावळीत भाकरी आणि एण्णेगायी, म्हणजे तिकडची भरली वांगी, पोटभर, आणि वर गाडीही त्यानंच हाणायची! मागची मंडळी तोवर घोरतायत.

राहिलात तर पहाटे चारला उठून निघायचा हट्टही नको. कृष्णाकाठी धुकं असतं. सकाळी लवकर गोलघुमट बघून घ्या. शाळांच्या सहली आल्या की आवाज कसला घुमतोय, नुसता कालवा. नाश्ता करून निघालात की सूर्य पाठीला, आणि दुपारच्या जेवणाला तुम्ही निपाणीत.

ह्यांना पटवायचं म्हणता, तर विजापुरात संध्याकाळी विषयच काढू नका. घराच्या ओढीला लागलेला माणूस त्या वेळी ऐकत नसतो. निपाणीतून निघायच्या आधीच खोली ठरवा आणि भाडं पूर्ण भरून टाका. भरलेले पैसे सोडून द्यायला त्यांचाच जीव होणार नाही. खोली घेताना गाडी आत लावता येते का, तेवढं मात्र विचारून घ्या.