विहिरीतला पाइप आणि समुद्रातला रायझर

प्रश्न : मुलगा जळगावला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. समुद्रातल्या तेलविहिरींच्या ‘पाइप-इन-पाइप रायझर’चं कॉम्प्युटर मॉडेलिंग शिकायचं म्हणतो. खासगी क्लासची फी यंदाच्या केळीच्या पैशातून भरावी लागेल. पोरगा समुद्रात राहणार का? फी भरावी का? – एक पालक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, पोरगा समुद्रात राहणार नाही. हे काम मुंबई-चेन्नईच्या ऑफिसात बसून होतं. फी मात्र आत्ता भरू नका.

तुम्ही विहिरीत काळा पाइप सोडता, तो लोंबत जाऊन तळाशी आडवा पडतो. वरचं टोक हलवत राहा. जिथे तो तळाला टेकतो तिथेच पुन्हा पुन्हा वाकतो, घासतो. खोल समुद्रातला रायझर, म्हणजे तळावरून तेल वर जहाजात आणणारी पोलादी नळी, बराचसा असाच. वर लाटांवर डुलणारं जहाज, खाली समुद्रतळ, आणि टेकण्याच्या जागी पोलाद हळूहळू थकत जातं. ते किती वर्षांत तडकेल, हे आधीच काढायचं, हे तुमच्या मुलाला खुणावणारं काम.

आता पाइपात पाइप कशाला? खोल तळाशी पाणी ४ अंशांच्या आसपास असतं. तेल थंड झालं की त्यातलं मेण नळीत बसतं आणि नळी चोंदते. म्हणून थर्मासची युक्ती : आत गरम तेलाची नळी, बाहेर समुद्राचा दाब झेलणारी, मध्ये उष्णता धरणारा थर. पण आतली तापून लांब होऊ बघते आणि बाहेरची थंडच. १ किलोमीटर पोलादी नळी ६० अंशांनी तापली, तर मोकळी असताना सुमारे ७२ सेंटीमीटर वाढते. इथे दोघी टोकांना एकमेकींशी जखडलेल्या, म्हणून आतली दाबली जाते, बाहेरची ताणली जाते. मॉडेलमध्ये दोघी मिळून एकच नळी धरली तर गणित झटपट सुटतं, पण भार कुणावर किती ते झाकलं जातं. दोन वेगळ्या धरल्या तर मधल्या स्पेसरपाशी, म्हणजे दोघींत अंतर राखणाऱ्या कड्यांपाशी, त्या कुठे टेकतात, हेही सांगावं लागतं. यातलं काय धरायचं ते ऑर्काफ्लेक्स किंवा अबॅकससारखं सॉफ्टवेअर ठरवत नाही, माणूस ठरवतो.

मागे एक मुलगा असंच सर्टिफिकेट घेऊन आला होता. दोन टोकांवर टेकवलेल्या तुळईच्या मधोमध वजन ठेवलं तर ती सर्वात जास्त कुठे वाकेल, विचारलं. म्हणाला, “सर, लॅपटॉप आणलेला नाही.”

शिवाय हे क्षेत्र अरुंद आहे. मुंबईजवळच्या समुद्रातलं मुंबई हाय हे तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडलं, पण तिथलं पाणी उथळ. रायझर प्लॅटफॉर्मच्या पायालाच बांधलेले. खोल पाण्याचं काम आंध्रच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात पसरलेल्या कृष्णा-गोदावरी खोऱ्याकडे. तिथल्या एका खोल ब्लॉकमधून ओएनजीसीने जानेवारी २०२४ मध्ये तेल काढायला सुरुवात केली. म्हणून पदवी मेकॅनिकलचीच राहू द्या. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स आणि व्हायब्रेशन्स पक्के करून त्याने एम.टेक.च्या प्रवेशासाठीची ‘गेट’ परीक्षा द्यावी. ओशन इंजिनीअरिंगचा एम.टेक. आयआयटी मद्रास, खरगपूरला आहे. तिथे सॉफ्टवेअर शिकायला मिळेलच. नाहीच जमलं, तर नळ्यांचं हेच गणित रिफायनरीत आणि पाणीपुरवठ्यातही लागतं.

या रविवारी त्याला विहिरीवर न्या. जखडलेल्या नळीतले ते ७२ सेंटीमीटर गेले कुठे, हे त्याने तुम्हाला तुमच्या भाषेत समजावलं, तर फीबद्दल मला पुन्हा लिहा.